पौर्णिमाचं औषध गोठलं तेव्हा

पौर्णिमा शिवणकर आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायला आली, तेव्हा पहिल्याच दिवशी तिनं माझ्याकडे एक गोष्ट मागितली. हातात स्टीलचा चपटा डबा होता. म्हणाली, "काकू, हा तुमच्या फ्रीजमधी ठेवू का? डोळ्यात टाकाचं औषध आहे. गरम झालं का खराब होते."

मी दारातला एक कप्पा तिला मोकळा करून दिला. पुढं दोन वर्षं तो डबा तिथंच होता. मी त्याच्या शेजारी लिंबं ठेवली, दही ठेवलं, पण उघडून कधी पाहिलं नाही. साधा चष्माही न लावणाऱ्या पोरीला एवढं डोळ्यांचं औषध कशाला लागतं, हा प्रश्नही मला कधी पडला नाही.

आमचं घर बालाघाटात, गोंदिया रोडच्या आतल्या गल्लीत. माझे यजमान गुणाकर सिंचाई विभागातून रिटायर झालेले. एकुलता एक मुलगा अनय डॉक्टरी शिकायला किर्गिझस्तानात, बिश्केकला. आमच्याकडची बरीच मुलं आता तिकडंच जातात. तो गेल्यावर वरची खोली ओस पडली, म्हणून भाडेकरू ठेवायचं ठरवलं. पौर्णिमा लांजीकडच्या एका खेड्यातली, पंचवीस वर्षांची. वडील वसंता धान लावणारे. ती नागपूरच्या एका कंपनीचं काम घरी बसून करायची. डॉक्टरांनी रेकॉर्ड केलेलं बोलणं कानाला हेडफोन लावून ऐकायचं आणि टाइप करून पाठवायचं.

पोरगी शांत होती, जेवायच्या वेळेला फार पक्की. संकष्टी, एकादशी काही करत नसे. सत्यनारायणाचा शिरा दिला तर "वर नेऊन खाते काकू" म्हणायची आणि वाटी घेऊन निघून जायची. मला ती जरा शिष्टच वाटायची.

खरं काय ते मला फार नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते, नाहीतर पुढचं समजायचं नाही.

पौर्णिमाला लहानपणापासून शुगर आहे. आपल्याकडे उतारवयात होते, गोळ्यांवर भागते, ती नव्हे. तिच्या शरीरात इन्सुलिन बनतच नाही. सहावीत असताना ती वाळत गेली, शाळेच्या हातपंपाला तोंड लावून सारखी पाणी पीत राहायची, आणि एक दिवस वर्गातच कोसळली. गोंदियाच्या दवाखान्यात नेलं तेव्हा शुद्ध नव्हती. तेव्हापासून सुई सुरू झाली. जेवणाआधी एक, झोपताना एक. एखादा दिवस पूर्ण चुकला तर जिवावर बेतणार, असं डॉक्टरांनी आईला स्वच्छ सांगितलं होतं.

त्या वेळी त्यांच्या घरी फ्रीज नव्हता, आणि असता तरी उन्हाळ्यात लाईट कुठं असायची! तिची आई पुष्पलता मोठ्या मडक्यात ओली रेती भरायची, त्यात लहान मडकं बसवायची आणि त्यात औषधाची शिशी ठेवायची. येता-जाता रेतीवर पाणी शिंपडायची. सुई टोचायला ती संत्र्यावर शिकली. आणि तिनं एक नियम घालून दिला. हे घराबाहेर कोणाला कळू द्यायचं नाही.

"उद्या तुह्यं लगन कराचं आहे," ती म्हणायची. "एकदा का गावात मालूम झालं, तर कोनी दारात उभं राहाचं नाई."

शाळेची सहल कान्हाला गेली, तेव्हा पौर्णिमाला ताप आला असं सांगून घरी ठेवलं. नंतर अमरकंटकची निघाली तेव्हाही तेच. बालाघाट जिल्ह्यात राहून या पोरीनं कान्हाचं जंगल पाहिलं नव्हतं. जन्मभर ती घड्याळ, सुई आणि आईचा आवाज यांच्या आत राहिली.

अनय व्हिडिओ कॉल करायचा तेव्हा मी फोन घेऊन गच्चीवर जायची, तिथं नेटवर्क चांगलं. पौर्णिमा कपडे वाळत घालत असायची. अनय खिडकीतून बर्फाचे डोंगर दाखवायचा. एकदा तिनं मागून विचारलं, "वहाँ घोड़े ऐसे ही खुले घूमते हैं क्या?"

"ओ तो कुछ नहीं," अनय म्हणाला, "ऊपर सोनकोल नाम की झील है, वहाँ तो आदमी कम, घोड़े ज़्यादा हैं."

त्यानंतर तिकडं जायचं तिचं खूळ वाढतच गेलं. पाठीवरची मोठी पिशवी आली, बूट आले. तिची आई लांजीहून दोनदा आली, दोघी वरच्या खोलीत दार लावून कुजबुजत भांडल्या. एकटी पोरगी परदेशात जाणार म्हणून आई घाबरली असेल, असं मला वाटलं. वसंता जिन्याच्या पायरीवर बसून राहिले होते. मी चहा दिला तर म्हणाले, "जाऊ द्या म्हनतो मी. कवापर्यंत धरून ठेवाचं?"

शेवटी पुष्पलता एका अटीवर कबूल झाली. सकाळी आणि रात्री मेसेज करायचा. सप्टेंबरात पौर्णिमा निघाली. जाताना आईनं तिच्या पिशवीत लाल टोपणाच्या जुन्या पद्धतीच्या सुयांचं, म्हणजे सिरिंजचं, एक पाकीट कोंबलं. पौर्णिमा आता पेननं, म्हणजे आत औषधाची काचेची नळी बसवलेल्या पेनासारख्या सुईनं, औषध घ्यायची, त्या सुया तिला नकोच होत्या.

अनयनं तिला विमानतळावरून आणलं, सिमकार्ड घेऊन दिलं. पुढं ती एकटी. इसिक-कुलच्या मोठ्या तळ्याच्या काठाकाठानं ती गावं करत गेली, वसतिगृहासारख्या स्वस्त खोल्यांत राहिली. मला फोटो पाठवायची. बाजारात जर्दाळूंचे ढीग, कागदाएवढ्या पातळ काचेच्या खिडक्यांची निळी घरं, एका आजीबरोबर बाकावर बसलेली ती. फोटोत हसत असायची. पण तिनं नंतर सांगितलं, "काकू, एक दिवस असा गेला नाई का डोक्यात तेच नव्हतं. सुई घ्याची तर दुसऱ्यांच्या पुढं कशी घ्याची? बाथरूममधी घ्याची. बाहेर लाइन लागलेली, कोनीतरी दार वाजवते, आन् मी नळ सोडून ठेवते."

अनयलाही तिनं काही सांगितलं नव्हतं. तो बालाघाटचा, आणि बालाघाट केवढं ते सगळ्यांना माहीत आहे.

कोचकोर नावाच्या गावातून ती दोन कोरियन मुलींबरोबर टॅक्सीनं सोनकोलला चढली. वर नेटवर्क नाही, हे तिनं आईला आधीच कळवलं होतं. "परवा संध्याकाळी खाली येते, आल्याबरोबर मेसेज करते." वर नुरगुल नावाच्या बाईनं तिला आपल्या नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, गोल तंबूत जागा दिली. नुरगुलचा नवरा बाकित मेंढ्या सांभाळायचा. उन्हाळा संपत आला होता, काही दिवसांत ते तंबू मोडून खालच्या गावी जाणार होते. तंबूत मधोमध लोखंडी चूल, तिच्यात शेणाच्या गोवऱ्या. गोवऱ्यांचा वास आला तेव्हा पौर्णिमाला घरी आल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी कोरियन मुली घोड्यांवरून पलीकडच्या गावाकडं निघून गेल्या. पौर्णिमा मागं थांबली. ऊन कडक होतं आणि तंबूत चुलीची धग. तिला औषधाची काळजी वाटली. उष्णतेपासून औषध जपायचं हे तिच्या हाडांत मुरलेलं. तिनं औषधाची पिशवी ओल्या फडक्यात गुंडाळली आणि तंबूच्या मागच्या दोरीला सावलीत बांधली. बाहेर ठेवण्याचं आणखी एक कारण होतं. आत ठेवली असती तर नुरगुलनं विचारलं असतं, हे काय आहे.

त्या रात्री तिनं झोपतानाची सुई पांघरुणात घेतली, पेन पुन्हा बाहेर पिशवीत ठेवलं आणि शांत झोपली.

सकाळी उठली तर सगळं पांढरं. बर्फ पडत होता. ती अनवाणी मागं धावली. फडकं लाकडासारखं कडक झालं होतं. एका पेनच्या आतली काच तडकलेली, बाकीच्या पेनांत बर्फाची कांडी. जवळचं सगळं औषध त्याच पिशवीत होतं.

"गरमीत कसं जपाचं ते माले झोपेतही येते," तिनं मला सांगितलं. "थंडीत जपाचं, हे लांजीत कोन शिकवन? डब्यावर लिहिलेलं राहते, गोठू देऊ नका. मी ते वाचलं होतं. वाचून सोडून दिलं होतं."

पेन काखेत धरून ती बसली. बर्फ वितळला, औषध पुन्हा पाण्यासारखं निर्मळ दिसायला लागलं. त्याच्याकडे पाहून काहीच कळत नव्हतं. गोठलेलं इन्सुलिन मेलेलं असतं, हे तिला माहीत होतं, तरी तिनं टोचून पाहिलं. मग बोटातून रक्त काढून यंत्रावर शुगर बघितली. थोड्या वेळानं पुन्हा बघितली. आकडा खाली येत नव्हता, वर जात होता.

तिला न्यायला येणारी टॅक्सी आली नाही. बाकितनं हातानं डोंगर दाखवला आणि मान हलवली. खिंड बंद होती.

आणि हे सगळं झालं तरी ती कोणाशी बोलली नाही! मी तिला म्हटलंही, अगं, तेव्हाच का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "काकू, तोंडच उघडत नव्हतं. आई जशी माझ्या पाठीमागं उभी राहून चूप बसाले सांगून राह्यली होती." तिनं आशा धरली की रात्री घेतलेल्या सुईचा असर संध्याकाळपर्यंत टिकेल, बर्फ थांबेल, गाडी येईल. तिनं ब्रेड खाल्ला नाही, नुसतं पाणी पीत राहिली. बर्फ दिवसभर पडत राहिला. दुपारपासून घसा कोरडा पडायला लागला, आणि ती कोरड तिच्या ओळखीची होती. शाळेच्या हातपंपावरची.

अंधारून येताना तिनं नुरगुलचा हात धरला. "शुगर," ती म्हणाली. "शुगर, शुगर."

नुरगुल हसली आणि साखरेचं भांडं तिच्यापुढं सरकवलं.

पौर्णिमाला रडू कोसळलं. तिनं भांडं बाजूला केलं, गोठलेलं पेन काढलं, कुर्ता वर करून पोटावरचे सुयांचे ठिपके दाखवले. इतक्या वर्षांत ते आईशिवाय आणि डॉक्टरांशिवाय कोणी पाहिले नव्हते. "डायबेटीस," ती म्हणाली.

"दियाबेत?" नुरगुलनं तोंडावर हात ठेवला. मग ती जोरात बाकितला हाक मारायला लागली. "आपा! दियाबेत!" असं म्हणत ती खाली दरीकडं बोट दाखवत होती. आपा म्हणजे आई. पौर्णिमाला पुष्कळ वेळ लागला समजायला, की बाकितच्या आईलाही हाच आजार आहे आणि ती खालच्या गावात राहते.

बाकित बाहेर गेला, आभाळ बघून आला. नुरगुल त्याच्यावर ओरडली, तो तिच्यावर ओरडला. त्या अंधारात, त्या बर्फात गाडी काढणं म्हणजे तिघांनी मरणं, हे पौर्णिमाला भाषा न येताही समजलं. नुरगुल तिच्याजवळ बसून राहिली, तिला पाणी पाजत राहिली.

इकडं लांजीत त्या संध्याकाळी मेसेज आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात झाडत होते, तर फाटकाशी पुष्पलता उभी. पहिल्या बसनं आली होती. पदर डोक्यावरून घसरलेला, पायात दोन वेगवेगळ्या चपला. गल्लीत दूधवाला होता, समोरच्या घरच्या बाई दारात होत्या. मी म्हटलं, "आत या, काय झालं?"

ती आत आलीच नाही. तिथंच फाटकाला धरून म्हणाली, "अहिल्याबाई, माह्या पोरीले शुगर आहे. लहानपनापासून. ते सुईवर जगून राह्यली. काल तिचा मेसेज आला नाई. तिथं बर्फ पडून राह्यला, असं पुतन्यानं मोबाईलवर पाह्यलं. तुमच्या अनयले फोन लावा."

एवढ्या मोठ्यानं बोलली की समोरच्या बाईंनी हातातलं काम थांबवलं.  मला आधी तो डबा आठवला, मग शिरा. पण तेव्हा विचार करायला वेळ नव्हता. मी फोन लावला.

अनय कॉलेजला निघाला होता. मी त्याला सांगितलं, मग पुष्पलतानं फोन माझ्या हातातून ओढून घेतला. "बाबू, तुमच्या फ्रीजमधी ठेवलं ते डोळ्याचं औषध नव्हतं. इन्सुलिन होतं. तिच्याजवळ आहे का नाई, ते माले नाई मालूम. आहे तर मंग मेसेज काहून नाई आला? तू डॉक्टर आहेस, तू जाय."

"आंटी, मैं अभी थर्ड ईयर में हूँ," अनय म्हणाला. आणि मग, "जातो. निकलता हूँ."

तो दिवस कसा गेला ते मी कोणाला सांगू शकत नाही. पुष्पलता आमच्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. पाण्याचा घोटही घेत नव्हती. मध्येच उठून फ्रीज उघडायची, तो चपटा डबा काढून बघायची. त्यात पौर्णिमानं मागं ठेवलेल्या पेनच्या दोन नळ्या होत्या. पुन्हा ठेवायची. गुणाकर बाहेरच्या खोलीत येरझारा घालत होते. लांजीहून वसंतांचा फोन वाजला की आम्ही तिघंही दचकायचो.

तिकडं सोनकोलला सकाळी ढग फाटले आणि ऊन पडलं. बाकितनं जुन्या ट्रकच्या चाकांना साखळ्या बांधल्या. पौर्णिमाला आता उलट्या होत होत्या, श्वास जोरजोरात चालला होता. नुरगुलनं तिला आपल्या मेंढीच्या कातड्याच्या कोटात गुंडाळलं आणि केबिनमध्ये दोघांच्या मध्ये बसवलं. खिंडीत ट्रक दोनदा रुतला. बाकित उतरून फावड्यानं बर्फ काढत होता, आणि पौर्णिमा डोळे मिटून एकच गोष्ट करत होती. झोपायचं नाही. तिला वाटत होतं, झोप लागली तर वर्गातल्यासारखं होईल आणि या वेळी उठणार नाही.

दुपार कलताना ते खालच्या गावात पोचले. बाकितची आई, अनारकान आपा, दारात आली. ठेंगणी, जाड, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. नुरगुलनं काय सांगितलं कोण जाणे, म्हातारी आत गेली आणि फ्रीजच्या दारातून आपलं पेन काढून आणलं.

ते पेन वेगळ्या कंपनीचं होतं. आतली काचेची नळी पौर्णिमाच्या पेनात बसेना. म्हातारीच्या पेनावर तिचीच वापरलेली सुई होती, ती टोचायला पौर्णिमाचं मन धजेना, एकाचं रक्त दुसऱ्याला लागू शकतं. तेव्हा तिला पिशवीतल्या लाल टोपणाच्या सुया आठवल्या. नळी हातात घेऊन तिनं उजेडाकडं धरली. दुधाळ औषध. लहानपणी ती हेच घ्यायची. तळव्यांत घोळवलं आणि सुईत भरायला लागली, लहानपणीच्या खुणेपर्यंत.

आणि तिथंच थांबली. नळीवर शंभर लिहिलं होतं, एका मिलीत शंभर युनिट. आपल्याकडं शिशीतून मिळणारं औषध पातळ, एका मिलीत चाळीस युनिटचं असतं, लाल टोपणाच्या सुईवरच्या खुणा त्या पातळ औषधासाठी. हे औषध अडीच पट कडक होतं. सवयीच्या खुणेपर्यंत भरलं असतं तर साखर इतकी खाली गेली असती, की ती त्या घरात झोपेतच गेली असती.

डोकं चालत नव्हतं. तिनं फोन उघडला. इथं नेटवर्क होतं, मेसेज टणटण वाजत आत येत होते, सगळे आईचे. तिनं अनयला फोन लावला. काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची, हे ठरवेपर्यंत त्यानं उचललाही.

"अनय, एक बात बतानी है. मुझे—"

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "तुझी आई आमच्या घरी बसली आहे. सगळं सांगितलं त्यांनी. तू कहाँ है? मैं कोचकोर पहुँच रहा हूँ."

पौर्णिमा म्हणाली, "आईनं सांगतलं? कोनाले सांगतलं?"

"सगळ्या गल्लीला. औषध आहे का तुझ्याकडे?"

तिनं सुईचं सांगितलं. फोनवर दोघांनी मिळून हिशेब केला. एकदा, मग उलट बाजूनं पुन्हा. "चार की लकीर तक," अनय म्हणाला, "उससे ऊपर नहीं. दहा युनिट होतील." मग म्हणाला, "पौर्णिमा, मला पण भीती वाटतेय. रुक, मी सरांना विचारतो." त्यानं आपल्या प्राध्यापकांना फोन केला, तोवर ती भरलेली सुई हातात धरून भिंतीला टेकून बसली. समोर अनारकान आपा मांडी घालून बसली होती आणि एकटक तिच्याकडं बघत होती. अनयचा फोन आला. बरोबर आहे. घे. आणि पाणी पीत राहा, मी येतोय.

तिनं सुई पोटात टोचली. लपून नव्हे, तीन माणसांसमोर. त्या घरात ती दोनदा औषध घेऊ शकली, आणि संध्याकाळी अनय गाडी घेऊन पोचला. त्यानं तिला तिथून मोठ्या दवाखान्यात नेलं. सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, आणखी एक रात्र वर काढली असती तर काही खरं नव्हतं.

फोन आला तेव्हा पुष्पलता आमच्या जमिनीवर तशीच बसली होती. पडद्यावर पौर्णिमाचा चेहरा दिसला, सुकलेला, नाकाजवळ नळी. आईनं फोन दोन्ही हातांत धरला.  म्हणाली, "सगळ्याईले सांगून टाकलं मी."

"हौ," पौर्णिमा म्हणाली. "मी बी."

एवढंच बोलून दोघी रडल्या.

पौर्णिमा दिवाळीच्या आधी परत आली. तोवर गल्लीत, बस स्टँडवर, लांजीत, सगळीकडं माहीत झालं होतं. आमगावकडून एका स्थळाची बोलणी चालली होती, ती थांबली. त्या लोकांनी काही कारण दिलं नाही. पुष्पलता काही दिवस कोणाच्या नजरेला नजर देत नव्हती. पौर्णिमानं डबा पुन्हा माझ्या फ्रीजमध्ये ठेवला, या वेळी झाकणावर मोठ्या अक्षरांत इन्सुलिन असं लिहून. पण भीती गेली असं म्हणता येणार नाही. ती माझ्याकडं जेवायला बसली की अजूनही मध्येच उठून फ्रीजचं थंडीचं बटण तपासते. फार थंड तर नाही ना.

दिवाळीसाठी तिला लांजीला घेऊन जायला आई आली, त्या दिवशी आम्ही चौघं जेवत होतो. पौर्णिमा सगळं पुन्हा सांगत होती. पुष्पलता भात कालवता कालवता थांबली.

"त्या म्हातारीजवळ आनखी नळी होती का?"

"कोन, अनारकान आपाजवळ?"

"हौ. तिच्यातलं तू घेतलं. मंग तिनं काय घेतलं?"

पौर्णिमाच्या हातातला घास तसाच राहिला. हा विचार तिच्या मनात आलाच नव्हता. दवाखान्यात अनयनं तिच्यासाठी भरपूर औषध आणलं होतं. त्यातलं एक त्या घरी पाठवायचं कोणालाच सुचलं नव्हतं, मलाही नाही.

आम्ही लगेच अनयला फोन केला. अनयनं त्याच्या किर्गिझ मित्राकरवी बाकितला गाठायचा प्रयत्न केला, पण बाकित मेंढ्या घेऊन कुठंतरी गेला होता. पुष्पलता त्या दिवशी लांजीला गेलीच नाही. "कळल्याबिगर कशी जाऊ?" म्हणाली. दुसऱ्या दिवशीही थांबली. वसंतांनी फोनवर विचारलं, ती म्हणाली, धान कापणी तुमी पाहा.

तिसऱ्या दिवशी दुपारी निरोप आला. म्हातारीला सरकारी दवाखान्यातून महिन्याचं औषध मोजून मिळतं. पौर्णिमानं घेतलं तेव्हा थोडंच उरलं होतं. पुढचं मिळेपर्यंत म्हातारीनं अर्धं अर्धं घेतलं, ब्रेड कमी खाल्ला. एकदा चक्कर येऊन अंगणात बसली होती. आता बरी आहे. नुरगुललासुद्धा तिनं हे सांगितलं नव्हतं, बाकितनं खोदून विचारलं तेव्हा कबूल केलं, आणि विचारलं म्हणून त्याच्यावर रागावलीसुद्धा.

अनयनं सांगितलं, येत्या रविवारी तो स्वतः म्हातारीच्या गावी औषध घेऊन जाईल. पौर्णिमा जिन्यावर जाऊन बसली. पुष्पलतानं ताटं उचलली, मोरीत नेऊन ठेवली, आणि नळ सुरू न करता तिथंच उभी राहिली.

"मी असती तर दिलं असतं का, अहिल्याबाई?" तिनं विचारलं. "दुसऱ्याच्या पोरीले, आपल्याजवळचं?"

 माझ्या उत्तराची वाट न पाहता तिनं नळ सोडला आणि भांडी घासायला लागली.